उतारवयातील मधुमेह आणि व्यायाम

ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे असा आग्रह झाला, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न आम्हांस पडला. ट्रस्टच्या कार्याचा आढावा इतर जाणती मंडळी घेतीलच. आपण घरोघरी उपयोगी पडेल असे काही लिहावे, ही स्मरणिका समारंभ संपल्यावर कपाटात न जाता ओसरीवरच्या फळीवर राहावी, अशा हेतूने आम्ही हा विषय निवडला आहे.

तामसी व आसपासच्या कोणत्याही गावी आज एखाद्या घरी गेलो, तर घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या उशाशी गोळ्यांची एक पिशवी दिसते. विचारले तर "शुगरची गोळी आहे" असे उत्तर मिळते. मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू अशा आपल्याकडच्या सर्व भाषांत हा 'शुगर' शब्द आता सारखाच रुळला आहे. गोळी कोणती, केव्हा घ्यायची, हे घरच्यांस ठाऊक असते. गोड वर्ज्य करावे हेही ठाऊक असते. परंतु या रोगावर व्यायाम हेही एक औषधच आहे, आणि ते सत्तरीतल्या माणसासही लागू पडते, ही गोष्ट फारच थोड्या घरांत मानली जाते. त्याविषयी चार शब्द येथे लिहावयाचे आहेत.

रोग कोणाचा?

मधुमेह हा शहरातल्या, सुखवस्तू, लठ्ठ माणसांचा रोग आहे, शेतकऱ्यास तो कुठून होणार, अशी समजूत आपल्याकडे अजून आहे. ही समजूत चुकीची ठरली आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २००८ ते २०२० या काळात देशभरातील एक लाख तेरा हजार प्रौढ माणसांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. शहरांत हे प्रमाण शेकडा १६.४ आणि खेड्यांत शेकडा ८.९ इतके आढळले. याहून विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण शहरात व खेड्यात जवळजवळ सारखेच, म्हणजे शेकडा पंधराच्या घरात आहे. अर्थात् जे आज शहरात दिसते ते उद्या शिवारात दिसणार आहे.

आता अंगाने सडपातळ माणसास हा रोग का व्हावा? या प्रश्नाचा उलगडा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार सुंदर रीतीने केला आहे. २००४ साली त्यांनी आपले स्वतःचे व आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. परंतु मोजणी केली तेव्हा युडकिन यांच्या अंगात चरबी शेकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या अंगात शेकडा २१.२ निघाली. म्हणजे आपण भारतीय माणसे दिसायला बारीक असलो, तरी आपल्या अंगात स्नायू कमी व चरबी अधिक असते, आणि ती बहुधा पोटाभोवती साठते. तेव्हा "आम्ही काटकुळे, आम्हांला कशाला शुगर होते?" या म्हणण्यात अर्थ नाही.

स्नायू हे साखरेचे कोठार

व्यायाम कसा लागू पडतो हे समजण्यासाठी शरीराचे एक साधे गणित लक्षात घ्यावे. आपण भाकरी खातो, भात खातो, त्याची पोटात साखर होऊन ती रक्तात उतरते. रक्तातील साखर जिरविण्याचे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे आपले स्नायू, आणि त्यांतही मांड्या व पोटऱ्या यांचे मोठे स्नायू. स्नायूच्या दाराला जणू कुलूप असते व इन्सुलिन ही त्याची किल्ली. मधुमेहात ही किल्ली अपुरी पडते किंवा कुलूपच गंजते, आणि साखर दाराबाहेर रक्तातच तुंबून राहते.

येथे निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. स्नायू जेव्हा काम करतो, आखडतो आणि सैल होतो, तेव्हा साखर आत घेण्याचे दुसरे दार उघडते. या दारास इन्सुलिनची किल्ली लागत नाही. शिवाय काम थांबल्यावरही साधारण एक ते दोन दिवस त्या स्नायूचे पहिले कुलूप अधिक सहज उघडते. म्हणूनच जाणते वैद्य सांगतात की, मधुमेह्याने व्यायामात लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये. रविवारी पाच मैल चालून सहा दिवस बसून राहण्यापेक्षा रोज अर्धा मैल चालणे अधिक हितावह, ते याच कारणाने.

उतारवयात या गणितात एक वजाबाकी सुरू होते. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात, साठीनंतर ही झीज वाढते, आणि मधुमेह असल्यास ती अधिकच वेगाने होते. कोठारच लहान झाले म्हणजे तेवढेच धान्य आले तरी ते अंगणात सांडणार. तीच गोष्ट साखरेची. म्हणून वृद्धाच्या मधुमेहात चालण्याइतकेच महत्त्व स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामास आहे.

जुन्यांचे म्हणणे व नव्यांचे प्रयोग

हे ज्ञान सर्वस्वी परक्यांकडून आले असेही नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या रोग्यास शंभर योजने चालत जाण्यास, गायींच्या मागे हिंडण्यास, विहीर खणण्यास सांगितले आहे. त्याच ठिकाणी कृश झालेल्या रोग्यास मात्र जपावे, असा विवेकही आहे. एका बाबतीत मात्र आज आपणांस त्या उपदेशापासून दूर राहावे लागते. तेथे पायात काही न घालता चालण्यास सांगितले आहे. मधुमेह्याने अनवाणी चालणे किती घातक, हे पुढे येईलच.

आधुनिक प्रयोगांपैकी दोन-तीन वानगीदाखल सांगतो. अमेरिकेत रोगाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांहून अधिक माणसांवर एक मोठा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. एका गटास आहार सुधारून आठवड्यातून १५० मिनिटे व्यायाम करण्यास लावले, दुसऱ्या गटास मेटफॉर्मिनची गोळी दिली. गोळीने रोगाचा धोका शेकडा ३१ ने, तर आहार-व्यायामाने शेकडा ५८ ने कमी झाला. आणि ज्यांचे वय साठीच्या पुढे होते त्यांच्यात आहार-व्यायामाचा लाभ सर्वांत जास्त, शेकडा ७१ इतका आढळला. "आता या वयात व्यायाम करून काय होणार?" या प्रश्नास याहून नेमके उत्तर नाही.

आपल्याच देशात चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर असाच प्रयोग केला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत आहार-व्यायामाने धोका शेकडा २८.५ ने घटला. अमेरिकेइतका नव्हे, परंतु गोळीपेक्षा तसूभरही कमी नव्हे.

तिसरा प्रयोग न्यूझीलंडमधला, २०१६ सालचा, आणि आपणांस सर्वांत सोयीचा. मधुमेह असलेल्या ४१ जणांना काही दिवस रोज एकदम अर्धा तास केव्हाही चालण्यास सांगितले, व काही दिवस प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चालण्यास सांगितले. चालणे तेवढेच, परंतु जेवणानंतर चालल्याने जेवणानंतरची रक्तशर्करा सरासरीने शेकडा १२ अधिक उतरली. रात्रीच्या जेवणानंतर तर हा फरक शेकडा २२ होता. रात्री जेवून शतपावली करावी, ही आपल्या आजोबांची शिकवण प्रयोगशाळेत खरी ठरली असे म्हणावयास हरकत नाही. फक्त शंभर पावलांवर न थांबता ती हजार करावी.

दोष आमचाच

आता आमच्या घरातील एक हकीकत सांगतो. ती सांगताना संकोच वाटतो, परंतु तीत आमच्याप्रमाणे अनेकांना आपले घर दिसेल.

आमच्या मातोश्रींनी उभा जन्म कष्टात काढला. पहाटे जाते, मग विहिरीवरून पाणी, मग दिवसभर निंदणी नाही तर कापसाची वेचणी. घरात सुना आल्या, पिठाची गिरणी गावात आली, मिशन भगीरथाचे पाणी नळाने दारात आले, शेतात तणनाशक आले. आम्ही मुलांनी एक दिवस सांगितले, "आई, आता पुष्कळ केलेस, आता तू बस. बसल्या जागी सगळे आणून देऊ." आम्हांस वाटले ही मातृसेवा. आई बसली. सकाळी ओसरीवरची बाज, दुपारी आतली बाज, संध्याकाळी पुन्हा ओसरी. दोन वर्षांत तिला बाजेवरून उठताना कोणाचा तरी हात लागू लागला. शुगर वाढली, गोळीची मात्रा वाढली. पुढे ती बोलायचीही कमी झाली. आम्हांस वाटले, वय झाले.

एके दिवशी तपासणीस नेले असता तेथील नर्सबाईंनी आईस हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठण्यास सांगितले. तिला एकदाही उठता आले नाही. बाईंनी आमच्याकडे पाहून विचारले, "दादा, घरी यांना काम करू देता की नाही?" त्या प्रश्नाने आमचे डोळे उघडले. आईस रोगाने जितके बसविले, त्याहून अधिक आम्ही बसविले होते.

त्या दिवसापासून आईच्या हाताला धरून रात्रीच्या जेवणानंतर मारुतीच्या देवळापर्यंत जाण्यास सुरुवात केली. पहिल्या दिवशी वाटेत दोनदा ओट्यावर टेकावे लागले. सहा महिन्यांनी ती काठी घेऊन स्वतः जाऊ लागली आणि बाजेवरून हाताविना उठू लागली. गोळी सुटली नाही, रोगही गेला नाही, चमत्कार काही झाला नाही. परंतु शुगर ताब्यात आली, आणि देवळाच्या पायरीवर भेटणाऱ्या बायांशी ती पुन्हा हसून बोलू लागली. आमच्या लेखी हे पुष्कळ आहे.

वडिलांना बसवून खाऊ घालणे हा आपल्याकडे मोठा सन्मान समजला जातो. या सन्मानात प्रेम आहे, हे कोण नाकारील? परंतु तो सन्मान मधुमेह्यास महागात पडतो. सुनेने पाण्याचा तांब्या हातात आणून देण्याऐवजी "आबा, माठ तिथे आहे" असे म्हटले तर तो अनादर समजू नये.

शेतातले काम पुरते का?

"आम्ही रोज शेतात जातो, आम्हांला वेगळा व्यायाम कशाला?" असे अनेक जण विचारतात. जो रोज चालत शेतात जातो, वाकतो, उचलतो, त्याचा बराचसा व्यायाम होतोच. परंतु तीन गोष्टी पाहाव्यात. एक, शेताचे काम हंगामी असते. वेचणी आटोपली की फाल्गुनापासून मृगापर्यंत उतारवयातला माणूस बहुधा सावलीतच बसतो, आणि शरीर तर बारा महिने खाते. दुसरे, आता शेतावर जाणे मोटारसायकलवर होते आणि धुऱ्यावर उभे राहून मजुरांवर देखरेख करणे म्हणजे व्यायाम नव्हे. तिसरे, ताटातली ज्वारीची भाकरी मागे पडून भात पुढे आला. १९८३ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशात दोन रुपये किलोचा तांदूळ सुरू झाला, तेव्हापासून हा पालट वाढतच गेला. भाताची साखर रक्तात लवकर उतरते, काम मात्र निम्मे झाले.

व्यायाम म्हणजे तालीम, लंगोट आणि लाल माती, हीही समजूत सोडावी. आपल्या शेजारी अमरावतीस १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९३६ साली त्या मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी देशी व्यायामाची प्रात्यक्षिके दाखविली. ती परंपरा तरुणांची, व अभिमानास्पद आहे. परंतु सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः उतारवयातही नमस्कार घालीत असत, हे ध्यानात ठेवावे. व्यायामास वयाची मर्यादा नाही, मात्र वयाप्रमाणे त्याचे रूप बदलावे लागते.

घरच्या घरी करावयाचा कार्यक्रम

व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांस एकदा विचारावे. छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, उभे राहताच भोवळ येणे, डोळ्यांच्या पडद्याचा विकार, किंवा पायास जखम, यांपैकी काही असल्यास तर विचारल्यावाचून आरंभ करूच नये. इतरांनी पुढील कार्यक्रम हळूहळू अंगवळणी पाडावा.

१. चालणे. आरंभी प्रत्येक जेवणानंतर पाच मिनिटे, मग दर आठवड्यास एक-दोन मिनिटे वाढवीत दहा ते पंधरा मिनिटे. आठवड्याची बेरीज दीडशे मिनिटांपर्यंत जावी. चालण्याचा वेग किती असावा? सोबत्याशी बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये, इतका.

२. उठबस. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवर बसून, हात छातीशी घेऊन उठावे व सावकाश बसावे. प्रथम पाच वेळा, मग दहा वेळा. हातांचा आधार लागत असेल तर आरंभी घ्यावा. आपली ताकद किती हे पाहावयाचे असल्यास अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येते ते मोजावे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषास बारापेक्षा कमी आणि स्त्रीस दहापेक्षा कमी वेळा उठता आले, तर पडण्याचा धोका आहे असे समजून पायांच्या व्यायामाकडे लक्ष द्यावे.

३. टाचा उचलणे. भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा वर उचलाव्यात, क्षणभर थांबून खाली आणाव्यात. दहा वेळा.

४. भिंतीचे दंड. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे भिंतीला लावावेत, कोपरे वाकवून छाती भिंतीकडे न्यावी व परत यावे. जमिनीवरचे दंड ज्यांना झेपत नाहीत त्यांना हे उत्तम.

५. वजन उचलणे. लिटरभर पाण्याची बाटली बरोबर एक किलो भरते. अशा दोन बाटल्या हातांत घेऊन कोपर वाकवीत वर-खाली कराव्यात.

६. तोल सांभाळणे. ओट्याला किंवा खुर्चीच्या पाठीला धरून एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभे राहावे, मग दुसऱ्या पायावर. घरातील कोणीतरी जवळ असावे.

क्रमांक दोन ते पाचचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून करावेत. तोलाचा व्यायामही तितक्याच वेळा असावा. व्यायाम करताना दम कोंडू नये, वजन उचलताना श्वास सोडावा. आणि एक सर्वांत सोपा नियम: जागेपणी अर्ध्या तासाहून अधिक वेळ सलग बसू नये. दूरदर्शन पाहताना जाहिरात आली की उठून अंगणात एक फेरी घालावी.

आदिलाबादच्या हवेचाही विचार हवा. आपल्या जिल्ह्यात चैत्र-वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो व थंडीत पाच अंशांच्या आसपास उतरतो. उन्हाळ्यात चालणे उजाडताच किंवा दिवस मावळल्यावर, आणि पाणी पिऊन. थंडीत पहाटे चारला बाहेर पडण्याचा हट्ट धरू नये. ऊन अंगणात आल्यावर निघावे, ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी तर विशेषच.

चार सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट, साखर एकाएकी उतरणे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामाने शुगर प्रमाणाबाहेर उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, एकाएकी भूक ही लक्षणे. वृद्धांमध्ये मात्र कित्येकदा नुसते असंबद्ध बोलणे किंवा गप्प होणे एवढेच दिसते व घरच्यांस ते कळत नाही. मोजमाप ७० च्या खाली आले, किंवा यंत्र नसून लक्षणे दिसली, तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी, व नंतर भाकरी किंवा काही खायला द्यावे. व्होग्लिबोज ही गोळी चालू असणाऱ्यांस साधी साखर लवकर लागू पडत नाही, त्यांनी ग्लुकोजची पूड जवळ बाळगावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ क्रमांकास बोलावून घ्यावे. खिशात किंवा पदराच्या गाठीशी साखरेची पुडी असल्याशिवाय फिरावयास जाऊ नये.

येथेच उपवासाचे सांगून टाकतो. एकादशीस पोट रिकामे, गोळी मात्र नेहमीची, आणि वर देवदर्शनासाठी दूरची पायपीट, हे तिन्ही एकत्र आले की संकट ओढवते. उपवास करावयाचाच असेल तर गोळीची मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. उलट दिवसभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर शुगर चढते, हेही विसरू नये.

दुसरी गोष्ट, पाय. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना जाते. काटा रुतला, चप्पल चावली, तापलेल्या फरशीने तळवा भाजला, तरी कळत नाही. जखम चिघळते व बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते. आपल्या भागात अनवाणी चालण्यास श्रद्धेचे मोल आहे. पंढरीची वारी आहे, केसलापूरच्या नागोबासाठी गोदावरीचे पाणी आणण्यास पायी जाणारे मेश्राम बांधव आहेत. त्या श्रद्धेपुढे आम्ही नम्र आहोत. परंतु ज्यांचे तळवे बधिर झाले आहेत, त्यांनी देवाच्या वाटेवरही पायताण घालूनच जावे. देव काही रागावणार नाही. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे उजेडात पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर नातवंडांकडून पाहून घ्यावेत. चप्पल मऊ तळाची व मागे पट्टा असलेली असावी, आणि घालण्यापूर्वी झटकून घ्यावी.

तिसरी गोष्ट, डोळे. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असल्यास डोके खाली जाणारी आसने, जड वजने व दम कोंडून केलेले श्रम यांनी आत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून वर्षातून एकदा पडद्याची तपासणी करावी व सूर्यनमस्कार, शीर्षासन वगैरे त्यानंतरच ठरवावे.

चौथी गोष्ट, हृदय. मधुमेह्याच्या हृदयाचे दुखणे कित्येकदा मुके असते. छातीत कळ न येता नुसती धाप, घाम, अतिशय थकवा एवढेच जाणवते. चालताना असे झाल्यास तेथेच थांबावे, "थोडे पित्त झाले असेल" असे म्हणून घरी निजू नये, सरळ दवाखाना गाठावा. तसेच शुगर २५० च्या वर असून ताप, उलटी किंवा अशक्तपणा असेल तर त्या दिवशी व्यायामास विश्रांती द्यावी.

शुगर किती असावी याविषयीही दुराग्रह नको. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी जी एचबीएवनसी नावाची तपासणी आहे, तिचा आकडा धडधाकट वृद्धाचा सातच्या आसपास असावा. फार अशक्त किंवा अनेक व्याधी असलेल्यांचा आठच्या आसपास राहिला तरी चालतो, कारण त्यांना साखर उतरण्याचाच धोका अधिक. तो आकडा डॉक्टरांनी माणूस पाहून ठरवावयाचा.

मनाचे स्वास्थ्य

मधुमेह्यांमध्ये उदासपणाचा विकार इतरांच्या मानाने सुमारे दुप्पट आढळतो, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. मुले हैदराबाद, पुणे, नागपुरास गेलेली, सोबती एकेक करून निघून गेलेले, आणि हातात काम नाही, अशा माणसास पथ्य पाळण्याचा तरी उत्साह कुठून येणार? व्यायामाने झोप सुधारते, मन हलके होते, भीती कमी होते. परंतु आमच्या अनुभवाने सांगतो, नुसत्या चालण्यापेक्षा कोणाच्या तरी सोबतीने चालणे, आणि निरर्थक फेऱ्यांपेक्षा काहीतरी कारणाने चालणे, हे अधिक टिकते. नातवाला शाळेत पोचविणे, देवळातील दिवा लावणे, परसातील वांग्यांना पाणी घालणे, असे एखादे काम वडिलांच्या नावाने घरात ठेवावे. त्यांच्यावाचून ते अडले पाहिजे. आपण कोणाला तरी हवे आहोत ही जाणीव कोणत्याही दुकानात मिळत नाही.

सभासद कुटुंबांस विनंती

महोत्सवानिमित्त संकल्प करण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्ही तीन लहान संकल्प सुचवितो. पहिला, घरातील तीस वर्षांवरील प्रत्येकाने आरोग्य उपकेंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात शुगर व रक्तदाब तपासून घ्यावा. ही तपासणी तेथे विनामूल्य होते व आशाताई त्याची माहिती देतात. दुसरा, प्रत्येक गल्लीतील चार-पाच वडीलधाऱ्यांनी रात्रीच्या जेवणानंतर एकत्र फिरावयास जावे, व कोणी एक दिवस आला नाही तर दुसऱ्यांनी त्याच्या दारी जाऊन हाक मारावी. तिसरा, मुलासुनांनी वडिलांना 'बसा' म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि त्याऐवजी 'चला, मीही येतो' असे म्हणावे.

हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, व कोणाचीही गोळी बंद करावी असे आमचे म्हणणे नाही. ज्या हातांनी आपल्याला चालावयास शिकविले, त्या हातांना धरून आता आपण थोडे चालावे, एवढीच विनंती आहे. ट्रस्टचा सुवर्णमहोत्सव होईल, तेव्हा आज साठीत असलेली मंडळी पंच्याऐंशीच्या घरात असतील. ती सर्व आपल्या पायांनी मंडपात चालत यावीत, अशी प्रार्थना करून हे लेखन पुरे करतो.